अर्धा रिफंड म्हणजे उपकार नव्हे!



समजा, धंद्यासाठी ५ लाखांचं कर्ज मंजूर झालं. प्रोसेसिंग फी बाजूला ठेवू. तरी हातात आले ४,८२,००० च. उरलेले १८,००० कुठे गेले? ‘लोन इन्शुरन्स’मध्ये. तुम्ही तो मागितला नव्हता. ‘कम्पल्सरी आहे, सही करा’ एवढंच सांगितलं होतं. तुम्ही तक्रार केली, तर ९,००० परत येतात आणि आपण म्हणतो, ‘चला, निम्मे तरी मिळाले!’

माझं म्हणणं आहे, इथे थांबू नका.

आधी एक फरक समजून घ्या. विमा तुम्ही समजून-उमजून घेतला आणि मध्येच बंद केला, तर जेवढे दिवस संरक्षण मिळालं तेवढे पैसे कापले जाणारच. त्यात तक्रारीला जागा नाही. पण विमा खोटं सांगून गळ्यात मारला असेल, तर तो ‘बंद करण्याचा’ हिशोब लागूच कसा होईल? मग मागणी पूर्ण प्रीमियमची हवी. शिवाय व्याजाचीही! १८,००० वर १४ टक्क्यांनी ३ वर्षं हप्ते भरले, तर व्याजच सुमारे ४,१०० रुपये होतं. हे रिफंडमध्ये कोणी धरत नाही. तुम्हालाच मागावं लागतं.

आता कामाचं बोलू.

पॉलिसीची कागदपत्रं मिळून ३० दिवस झाले नसतील तर ‘फ्री लुक’मध्ये लगेच रद्द करा. त्यात किरकोळ कपातच होते.

मुदत उलटली असेल तर लेखी तक्रार करा. तीन गोष्टी मागा: तुमच्या सहीचा विम्याचा अर्ज, कपातीचा हिशोब आणि विमा सक्तीचा असल्याचा लेखी नियम. बँकेने स्वतःकडचाच विमा घ्यायची सक्ती करणं रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही. त्यामुळे तिसरा कागद सहसा येतच नाही, आणि तोच तुमचा पुरावा!

‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या कागदावर सही करू नका. पैसे आधीच खात्यात आले असतील, तर ‘ही रक्कम अंशतः मिळाली, उरलेली मागणी कायम आहे’ असा ईमेल त्याच दिवशी पाठवा.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर बँक-एनबीएफसीविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. विमा कंपनीविरुद्ध विमा लोकपाल आहे, त्याची कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत. दोन्हीकडे फी नाही, वकीलही लागत नाही.

‘पुढचं लोन अडकवतील’ ही भीती मला माहीत आहे. पण हप्ते मात्र थांबवू नका. क्रेडिट स्कोअर बिघडतो तो थकलेल्या हप्त्यांनी, तक्रारीने नाही.

गिऱ्हाइकाने दहा रुपये कमी दिले तर आपण मागतो ना? मग स्वतःचे ९,००० सोडायचे कशाला? आज लोनचं सँक्शन लेटर काढा आणि कपातीची प्रत्येक ओळ वाचा.