मोबाइल बंद, माहिती तातडीची

शिक्षकाच्या हातातल्या मोबाइलविषयी दोन आदेश एकाच वेळी चालू असतात. पहिला कागदावर असतो: शाळेच्या वेळेत मोबाइल वापरू नये. दुसरा व्हॉट्सॲपवर येतो: सोबतच्या लिंकवर माहिती आज दुपारी दोनपर्यंत भरावी, अन्यथा जबाबदारी आपली राहील. पोषण आहाराचा रोजचा आकडा ॲपवर, विद्यार्थ्यांची नोंद ‘सरल’वर, शाळेची माहिती ‘यू-डायस प्लस’वर. दोनशिक्षकी शाळेत यातले बरेचसे काम गुरुजींच्याच फोनवर आणि त्यांच्याच रिचार्जवर होते. तरीही शाळेतल्या कर्मचाऱ्यांनी संगणक आणि इंटरनेट कसे वापरावे हा विषय निघाला, की चर्चा ‘गुरुजी वर्गात मोबाइल बघतात’ या तक्रारीपाशीच अडते.

या विषयावर तीन मते हिरिरीने मांडली जातात. एक सरसकट बंदीचे, दुसरे सरसकट विश्वासाचे, तिसरे सरसकट देखरेखीचे. तिन्ही टिकत नाहीत.

बंदीवाल्यांची तक्रार खोटी नाही. मुले फळ्यावरचे उतरवून घेत आहेत आणि शिक्षक रील्स बघत बसले आहेत, हे दृश्य पाहणाऱ्या पालकाचा संताप रास्तच आहे. पण कामचुकारपणाला कधीच यंत्राची गरज पडलेली नाही. मोबाइल नव्हता तेव्हाही वर्गात वर्तमानपत्रे वाचली जात होती आणि स्वेटर विणले जात होते. त्यावर इलाज पर्यवेक्षणाचा होता, आजही तोच आहे. शिवाय बंदी घालणारी व्यवस्थाच ती रोज मोडते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापलेला असतो. तो स्कॅन करायचा तर फोन बाहेर काढावा लागतोच. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर शिक्षण विभागाने दहा-दहा विद्यार्थ्यांच्या गटांसोबत सेल्फी काढून ‘सरल’वर टाकण्याचा आदेश दिला होता. शिक्षकांनी विरोध केल्यावर तो बारगळला. जो विभाग वर्गात सेल्फी काढायला लावायला निघाला होता, त्याने मोबाइलबंदीचा आग्रह धरावा हा विनोद झाला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. शाळेच्या वेळेत लिंका भरून घेणे शब्दशः या कलमात बसो वा न बसो, मुलांचा तास त्यात जातोच.

दुसरे मत ऐकायला गोड आहे: शिक्षक सुजाण आहेत, त्यांना नियम कशाला? या मताची चूक अशी की त्यात नुकसान फक्त वाईट हेतूनेच होते असे गृहीत धरलेले असते. शाळेत ते बहुतेक वेळा सोयीपोटी होते. शिष्यवृत्तीच्या यादीचा फोटो काढून तो केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर टाकला जातो. त्या यादीत मुलीचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक आणि बँक खाते सगळे असते. तालुक्याच्या नेट कॅफेत अर्ज भरले जातात आणि आधारच्या प्रती तिथल्या डेस्कटॉपवर तशाच राहतात. मुख्याध्यापकांचा पासवर्ड कपाटाच्या दाराला चिकटवलेला असतो. ते निवृत्त झाले तरी तोच चालू राहतो. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो, पण माहिती बाहेर पडायची ती पडतेच.

मोठ्या व्यवस्थाही यातून सुटत नाहीत. केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ या शिक्षण ॲपची माहिती असुरक्षित सर्व्हरवर उघडी पडली होती, हे जानेवारी २०२३ मध्ये समोर आले. दहा लाखांहून अधिक शिक्षकांचे तपशील त्यात होते, लाखो विद्यार्थ्यांचेही होते. कायदा मात्र आता स्वस्थ बसलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. मुलांविषयीची बंधने मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘आमचा विश्वास आहे’ हे उत्तर यापुढे पुरणार नाही. शिवाय नियम नसल्याचा सर्वात मोठा तोटा प्रामाणिक शिक्षकालाच होतो. रात्री अकराला विद्यार्थिनीने गृहपाठाची शंका विचारली आणि सरांनी उत्तर दिले. पुढे त्यावरून तक्रार आली, तर त्यांनी कोणती मर्यादा पाळली हे दाखवणार कशावरून?

तिसरे मत संस्थाचालकांचे लाडके: संगणक शाळेचा, वाय-फाय शाळेचा, म्हणून त्यावरचे सगळे पाहण्याचा हक्कही शाळेचा. यंत्राच्या मालकीतून ते कसे वापरावे हे ठरवण्याचा अधिकार मिळतो, हे मान्य. पण शिक्षकाचा वैयक्तिक ईमेल उघडायला लावणे, त्याच्या फोनचा पासवर्ड मागणे, फेसबुकवरच्या पोस्टचा स्क्रीनशॉट जोडून मेमो देणे, हे त्या अधिकारात येत नाही. घर मालकाचे असले म्हणून भाडेकरूची पत्रे फोडता येत नाहीत. आणि बहुतेक शाळांत तर यंत्रच शिक्षकाचे असते.

देखरेखीचा हा हट्ट शेवटी शिक्षकाच्या बोलण्यावर येतो. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयी परिपत्रक काढले आणि शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, असे बजावले. गोपनीय कागद समाजमाध्यमांवर टाकू नयेत, अफवा पसरवू नयेत, यात वाद घालण्यासारखे काही नाही. पण शैक्षणिक धोरणावर शिक्षकाने बोलू नये, हे पटणारे नाही. राज्यघटनेच्या कलम १७१ ने विधान परिषदेच्या सुमारे एक-द्वादशांश जागा शिक्षक मतदारांसाठी ठेवल्या आहेत. महाराष्ट्रात ७८ पैकी ७ आमदार शिक्षक मतदारसंघांतून येतात. मतदानाचा हक्क माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांतल्या शिक्षकांपुरता आहे हे खरे, पण त्यामागचा विचार स्पष्ट आहे: शिक्षणाच्या धोरणावर शिक्षकाचे मत हवे. घटनेने ज्याला मत द्यायला बोलावले, त्याला परिपत्रकाने गप्प बसवू नये.

मग नियम कोणते असावेत? जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम १९६७ चे आहेत, खासगी शाळांची सेवाशर्ती नियमावली १९८१ ची. दोन्ही शाळेत इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीची. त्यातली ‘गैरवर्तना’ची कलमे ताणून आजचे प्रश्न सोडवण्यापेक्षा एका पानावर मावतील असे साधे नियम करावेत.

पहिला नियम मुलांच्या माहितीचा. आधार, जात, बँक खाते किंवा आजार यांचा उल्लेख असलेली कोणतीही यादी व्हॉट्सॲपवर जाणार नाही, मग ती कोणीही मागो. वैयक्तिक फोनवर ठेवावी लागली तर काम झाल्यावर पुसली जाईल. लॉगिन ज्याचे त्यानेच वापरायचे, आणि बदली किंवा निवृत्तीच्या दिवशी चार्ज देताना पासवर्ड बदलायचा.

दुसरा नियम संपर्काचा. विद्यार्थ्याशी खासगी चॅट नाही. शंका-समाधान गटावर होईल आणि त्या गटात दुसरे एक शिक्षक किंवा पालक असतील. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठेही टाकले जाणार नाहीत, संस्थेच्या जाहिरातीतही नाहीत.

तिसरा नियम वैयक्तिक वापराचा. मधल्या सुट्टीत कोणी बँकेचे काम केले किंवा रेल्वेचे तिकीट काढले, तर त्यात शाळेचे काही बिघडत नाही. त्याचा गुन्हा करू नये. मात्र शाळेच्या संगणकावर विमा एजन्सी, निवडणुकीचा प्रचार किंवा खासगी शिकवणीचे काम चालणार नाही. शिकवणी तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नेच शिक्षकाला मना केली आहे.

चौथा नियम तपासणीचा. शाळेचा संगणक तपासायचा असेल तर कारण लेखी द्यावे, संबंधिताला कळवावे, दोन जणांसमक्ष तपासावे. वैयक्तिक फोनला हात लावू नये. तसा गंभीर संशय असेल तर पोलिसांत जावे.

पाचवा नियम वरच्यांसाठी. शाळा भरलेली असताना तातडीची माहिती मागायची नाही, रात्री आलेल्या निरोपाला उत्तर दिले नाही म्हणून कोणाला जाब विचारायचा नाही, आणि ऑनलाइन कामासाठी यंत्र व डेटाचा खर्च शाळेने किंवा विभागाने द्यायचा. हा पाचवा नियम नसेल तर पहिले चार मागण्याचा अधिकार विभागाला उरत नाही.

हे नियम मंत्रालयातून तयार होऊन येऊ नयेत. शिक्षण हक्क कायद्याने दिलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. शिक्षकांना सोबत घेऊन तिथेच मसुदा व्हावा. ज्यांच्या मुलांची माहिती आहे आणि ज्यांच्या बोटांखालून ती रोज जाते, त्या दोघांनी बसून ठरवलेला नियम वरून लादलेल्यापेक्षा जास्त पाळला जाईल.

एक आक्षेप उरतो. जिथे धड वीज नाही आणि एकुलता एक संगणक खोक्यात पडून आहे, तिथे असले नियम म्हणजे चैन, असे काही जण म्हणतील. उलट अशाच शाळेत मुलांची सगळी माहिती एका शिक्षकाच्या खिशातल्या फोनमध्ये असते, म्हणून नियमाची निकड तिथे जास्त. शिवाय पहिल्या नियमाला पैसा लागत नाही की निविदा. मुलांची यादी ग्रुपवर मागायची नाही आणि कोणी मागितली तरी द्यायची नाही, एवढे गटशिक्षणाधिकारी एका ओळीच्या पत्राने उद्या ठरवू शकतात. त्यांनी तिथून सुरुवात करावी.