हाली रुपया विकावा कधी?

परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामी अमलाखाली होता. चारमिनार छापाचे हाली रुपये हौसेने जमविणारे म्हणूनच आपल्याकडे आजही आढळतात. मात्र मुलाची फी भरावयाची झाली की हाच संग्रह घाईने सराफाकडे जातो आणि चांदीच्या भावाने मोडला जातो. हे नुकसान टाळता येईल.

ऑनलाईन लिलावात खरी चढाओढ अखेरच्या काही मिनिटांत होते. तेव्हा लिलाव रविवारी रात्री, पगाराच्या आठवड्यात संपेल असे पाहावे. ईद-दिवाळीच्या ऐन खरेदीचे दिवस टाळावेत. परभणीच्या उरुसाशी मुंबई-हैदराबादच्या गिऱ्हाइकाला काय देणेघेणे? सवड त्याची पाहावी, आपली नव्हे.

शंभर वर्षांवरील नाणी 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार खाजगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कोणी कमिशन मागितल्यास देऊ नये. बँकेनेच 2021 मध्ये तसा इशारा दिला आहे.

गरजवंताला भाव ठरविता येत नाही. विकावयाचेच असेल तर गरज दाराशी येण्यापूर्वी, एकेक नाणे काढून विकावे.