चाळीचा टॉवर होताना

वरळीच्या बी.डी.डी. चाळी पाडून तेथे चाळीस मजली इमारती उभ्या राहत आहेत, या घटनेवर आजवर पुष्कळ लिहून झाले. लिहिणारे दोन प्रकारचे. एक म्हणतात, कष्टकऱ्यांचे भाग्य उजळले. दुसरे म्हणतात, चाळसंस्कृती बुडाली. यांपैकी बहुतेकांनी चाळीत एक रात्रही काढलेली नसावी. मी त्याच चाळीत जन्मले, अजून तेथेच राहते, आणि आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. तेव्हा आमची माणसे या टॉवरविषयी काय बोलतात, हे आमच्यापैकीच कोणीतरी सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने शंभर वर्षांपूर्वी या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर २० बिऱ्हाडे, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. आता म्हाडातर्फे पुनर्विकास होऊन प्रत्येक पात्र भाडेकरूला ५०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने, विनामूल्य मिळायचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. आमची पाळी अजून यायची आहे.

प्रथम चाळसंस्कृतीच्या शोककर्त्यांविषयी. ‘बटाट्याची चाळ’ मलाही आवडते. पण ती चाळ कारकुनांची आणि पेन्शनरांची. आमची गिरणी कामगारांची, पोलिसांची, झाडूवाल्यांची. गॅलरीत बसून केलेल्या गप्पांचे कौतुक जरूर करावे; परंतु त्याच गॅलरीतून मध्यरात्री, पोटात दुखत असताना, संडासापर्यंत जाणाऱ्या बाईला तिचे मत कोणी विचारले आहे का? आमच्या मजल्यावरच्या एक मावशी साठी उलटलेल्या आहेत. त्यांना मी विचारले, “टॉवरमध्ये करमेल का हो तुम्हाला?” त्या म्हणाल्या, “न करमायला काय झालं? घरात कडी लावून आंघोळ करता येईल ना?” यावर कोणत्या संस्कृतीचे काय उत्तर आहे, ते मला ठाऊक नाही. १६० चौरस फुटांत सासू, सून, दोन दीर आणि परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी राहतात, तेव्हा शेजारधर्माची गोडी फार काळ टिकत नाही.

शिवाय चाळीत सारे एकाच कुटुंबासारखे नांदत होते, हेही अर्धेच खरे. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर याच चाळींत दंगल पेटली आणि पुढे काही महिने धुमसत राहिली. कोणती चाळ कोणाची, हे आमच्याकडे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. नवी घरे सोडतीने मिळतात, त्यामुळे “शेजारी कोण येणार?” हा प्रश्न हल्ली जिन्यात वारंवार ऐकू येतो. विचारणाऱ्याला शेजाऱ्याचा स्वभाव जाणून घ्यायचा नसतो, हे उघड आहे. ही खोड मोडली तर मला टॉवरचे अधिकच कौतुक वाटेल.

तेव्हा टॉवर नको, असे म्हणणारे आमच्यात थोडे. मग इतकी वर्षे कुरबुर कसली होती? वृत्तपत्रांनी तिला ‘विरोध’ म्हटले. वास्तविक लोकांना खोली सोडण्याआधी नोंदणी केलेला करारनामा हातात हवा होता. या अविश्वासालाही इतिहास आहे. माझे आजोबा साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि आमच्या घरचा पगार गेला तो परत आलाच नाही. पुढे १९९१ च्या नियमानुसार गिरणी विकासाला निघाली तर जमिनीचा एक भाग मालकाचा, एक महापालिकेचा आणि एक म्हाडाचा, अशी ढोबळ वाटणी ठरली होती. २००१ मध्ये ती फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. ज्यांनी कागदावरचा एक शब्द बदलल्याने जमिनी गेलेल्या पाहिल्या, ते “आधी कागद दाखवा” म्हणणारच.

आता खरा मुद्दा. माझ्या आईला टॉवरचे अप्रूप नाही. गेली नऊ वर्षे ती जवळच्याच एका टॉवरमध्ये धुणीभांडी करते. तेथे तिच्यासाठी लिफ्टसुद्धा वेगळी आहे. तिथल्या बाई महिन्याच्या मेंटेनन्सच्या बिलावरून नवऱ्याशी कशा भांडतात, हे ती रोज ऐकते. म्हणून चाव्यांच्या समारंभाचे फोटो पाहून सारा मजला हरखला, तेव्हा आईने एवढेच विचारले, “लिफ्टचं बिल कोण भरणार?” नव्या इमारतींची देखभाल १२ वर्षे म्हाडाकडे राहील, असे सांगतात. पुढे काय? चाळिसाव्या मजल्यावर पाणी चढवायला पंप लागतो, आग लागली तर यंत्रणा चालू स्थितीत लागते, लिफ्ट बंद पडली तर म्हातारी माणसे वरच अडकतात. यातले काहीच फुकटात होत नाही. चाळीचे भाडे नाममात्र होते. वॉचमनच्या पगारातही घर चालत होते. टॉवरमधले घर फुकट मिळेल, पण टॉवरमध्ये राहणे फुकट नाही. ज्याला बिल झेपणार नाही तो भाडेकरू ठेवील, नंतर विकील, आणि विरार-बदलापूरकडे जाईल. त्याला कोणी हाकलले असे म्हणताही येणार नाही, कारण सही त्याचीच असेल!

दुसरी गोष्ट कोणी छापत नाही. खोलीची भाडेपावती एकाच नावावर असे, आणि तोवर भावाभावांत फारसे बिघडत नव्हते. १६० चौरस फुटांत वाटण्यासारखे होतेच काय? आता त्याच पावतीचे कोट्यवधींचे घर होणार म्हटल्यावर गावी गेलेले काका परत आले आहेत. लग्न होऊन गेलेल्या आत्यांना हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी आग्रहाने जेवायला बोलावले जाते. भाऊबीजेला कधी न मिळालेली साडी त्या दिवशी मिळते. बी.ए.ला शिकते म्हणून असे कागद वाचायला माझ्याकडे येतात. मी ते मोठ्याने वाचते, आणि सही करणाऱ्या बाईला समोर बसवून वाचते. त्यावरून दोन घरे माझ्याशी बोलेनाशी झाली आहेत. त्याला इलाज नाही.

माझे म्हणणे थोडके आहे. नव्या सोसायट्यांच्या पहिल्याच सभेत, सत्कार आणि हारतुरे आटोपल्यावर, तेराव्या वर्षाचा अंदाजे खर्च घरटी किती पडेल, हा आकडा मराठीत मांडला जावा. त्यासाठी आजपासून घरामागे थोडी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. आणि हिशेबाच्या समितीत निम्म्या बायका असाव्यात. पाण्याच्या नळावर पाळी कोणाची, किती बालद्या, हा हिशेब आजवर त्यांनीच तर ठेवला आहे.