कॅमेरा हलला नाही तर बिघडलं कुठे?

सिनेमा बघून बाहेर पडताना 'फोटोग्राफी मस्त आहे हां' असं कुणी म्हणालं की मी समजतो, गोष्टीबद्दल बोलण्यासारखं फार काही नसणार. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की पावसाळ्यातलं कोकण ड्रोनवरून हिरवंगार दिसलं. दिसणारच की! त्यात दिग्दर्शकाने काय केलं?

माझं म्हणणं जरा उलट आहे. कॅमेऱ्याने गोष्ट सांगायची म्हणजे कॅमेरा फिरवत बसायचं असं नाही. तो कुठे उभा करायचा, किती लांब, कुणाच्या बाजूने, आणि कधी अजिबात हलवायचा नाही, हे ठरवणं जास्त अवघड.

आता हलवण्याला माझा विरोध नाही. कारण असेल तर जरूर हलवा. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' (१९५८) घ्या. नायकाला उंचीची भीती. तो जिन्यातून खाली बघतो तेव्हा कॅमेरा पुढे जातो आणि त्याच वेळी लेन्स झूम आउट होते. जिन्याच्या कडा जागेवरच राहतात आणि मधली खोली मात्र रबरासारखी ताणली जाते. त्याच्याबरोबर आपल्याही पोटात गोळा येतो. (गंमत म्हणजे हा शॉट जिन्याचं छोटं मॉडेल आडवं ठेवून घेतला होता.) पुढे स्पीलबर्गने 'जॉज'मध्ये (१९७५) हीच युक्ती समुद्रकिनाऱ्यावर बसलेल्या पोलीस प्रमुखाच्या चेहऱ्यावर वापरली. दोन्हीकडे कारण एकच, माणसाच्या पायाखालची जमीन सरकते आहे.

आणि आपल्या मालिका? सासूबाईंच्या चेहऱ्यावर धाड, धाड, धाड असा तीनदा झूम. घरात खून झाला तरी तोच, आमटीत मीठ कमी पडलं तरी तोच. (आमच्या धंद्यातही हे चालतं म्हणा. नवीन फ्रेमवर्क आलं की गरज असो वा नसो, प्रोजेक्टमध्ये घुसवायचंच.) असो.

मला खरं बोलायचंय ते 'कोर्ट'बद्दल. चैतन्य ताम्हाणेचा २०१४ चा सिनेमा, छायाचित्रण मृणाल देसाईचं. व्हेनिसला बक्षीस मिळालं, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तरीही माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचा शेरा एकच, 'अरे, कॅमेरा हलतच नाही यार, झोप आली.'

नारायण कांबळे हा लोकशाहीर. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने त्याचं गाणं ऐकून आत्महत्या केली, असा त्याच्यावर आरोप. त्या कामगाराची बायको साक्षीला येते. नवरा दारू पिऊन उतरायचा, कारण वास सहन व्हायचा नाही. उतरण्याआधी झुरळ बाहेर येतं का ते बघायचा. आलं तर आत हवा आहे असं समजायचं. हे ती बाजारभाव सांगावा तसं सांगते. दुसरा कुणी दिग्दर्शक असता तर इथे कॅमेरा तिच्या पापणीपर्यंत नेला असता आणि मागे व्हायोलिन लावलं असतं. आपण डोळे पुसले असते, मन हलकं झालं असतं, आणि बाहेर येऊन वडापाव खाल्ला असता. ताम्हाणे ती सोय देत नाही. कॅमेरा आपल्या जागी थांबतो. कोर्टातला बाक, पंखा, कागद चाळणारी माणसं, सगळं तसंच चालू राहतं. या बाईचं बोलणं कुणाला ऐकू येतंय आणि कुणाला नाही, हे त्या लांबच्या फ्रेममध्ये आपलं आपल्याला दिसतं.

सगळ्यात अंगावर येतो तो सुट्टी लागण्याचा प्रसंग. उन्हाळ्याची सुट्टी, कोर्ट बंद. माणसं निघून जातात, दिवे एकेक करून मालवले जातात आणि कॅमेरा त्या अंधाऱ्या खोलीत बसून राहतो. मी थिएटरमध्ये बघितला तेव्हा पुढच्या रांगेतले दोघं-तिघं सिनेमा संपला समजून उठलेच. संपलेला नसतो. कांबळेंसाठी तर तो अंधार महिनाभराचा. पुढे दिसतात ते न्यायाधीशसाहेब, रिसॉर्टमध्ये कुटुंबाबरोबर मजेत. कॅमेरा त्यांच्याकडेही तसाच बघतो, कसलाही शेरा न मारता. तिथे माणूस चांगलाच अस्वस्थ होतो.

'पण हे कंटाळवाणं आहे', हा आक्षेप मला मान्य आहे. कोर्टात तारखेला गेलेल्या कुणालाही विचारा, किती थरार असतो ते! हेही खरं की फेस्टिव्हलच्या सिनेमांत स्थिर कॅमेरा ही आता एक फॅशन झाली आहे. पाच मिनिटं भिंत दाखवली म्हणजे अर्थ येतोच असं नाही. भिंतीपलीकडे काहीतरी चालू पाहिजे.

नागराज मंजुळेचा 'फँड्री' (२०१३) आठवतो? त्यात कॅमेरा हलतो, धावतो, डुकराच्या मागे गावभर फिरतो. जब्याचं कुटुंब मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन चाललंय आणि मागच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई. एकही संवाद नाही. आणि शेवटी जब्या दगड उचलून भिरकावतो, तो सरळ कॅमेऱ्यावर. इतका वेळ आपण जब्याच्या बाजूने आहोत असं वाटत असतं. त्या एका शॉटपुरता दिग्दर्शक कॅमेरा उचलतो आणि चिडवणाऱ्या, तमाशा बघणाऱ्या गावाच्या जागी नेऊन ठेवतो. दगड येतो तो आपल्याच अंगावर. याला महागडी क्रेन लागत नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा एवढंच कळावं लागतं, आणि ठेवायची हिंमत लागते.

'कोर्ट' पाहिला नसेल तर बघा. एक विनंती, मेट्रोत, फोनवर, दीडपट वेगात नको. त्या फ्रेमच्या कोपऱ्यात बसलेली माणसं पाच इंचात दिसत नाहीत.