आठचा आकडा आणि ट्रकची डावी बाजू

दुचाकीचा परवाना काढायला आलेल्या उमेदवाराला आरटीओच्या ट्रॅकवर आठचा आकडा काढावा लागतो. पाय टेकला की नापास. तोल, क्लच आणि ब्रेक यांची ती चोख परीक्षा आहे, तिच्यात खोट काढायचं कारण नाही. पण परवाना हाती पडताच हाच उमेदवार कामावर निघतो तो चाकणच्या तळेगाव चौकातून. पुढे कंटेनर, मागे टँकर, उजव्या हाताला नव्या मोटारी वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर. त्या ट्रेलरच्या चालकाला आपण दिसतो आहोत की नाही, हे कसं ओळखायचं ते त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरातली जवळपास पंचेचाळीस. हेल्मेट नसल्यामुळे दगावलेल्यांची संख्या ५०,०२९. हेल्मेटचा आग्रह म्हणूनच सोडता येणार नाही. मात्र भरलेल्या ट्रेलरचं मागचं चाक अंगावरून जातं तेव्हा हेल्मेटचा इलाज चालत नाही. तिथे जीव वाचतो तो मुळात त्या जागी नसल्यामुळे. ती जागा कोणती, हे दाखवून देणं ड्रायव्हिंग स्कूलचं काम आहे आणि आज ते होत नाही.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तिन्ही ठिकाणी दुचाकीला प्रवेश नाही. अशा मोजक्या रस्त्यांवर जड वाहन आणि दुचाकी यांची फारकत झाली. उरण–पनवेलच्या बंदर रस्त्यांपासून थेट उसाच्या पट्ट्यापर्यंत बाकी सगळीकडे दोघांना एकाच डांबरावरून जायचं आहे.

त्यात सर्वांत फसवी बाजू डावी. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. डाव्या दाराखालचा रस्ता त्याच्यापासून केबिनच्या रुंदीइतका लांब आणि दाराच्या पत्र्याआड. पुण्याकडून आलेल्या ट्रेलरला तळेगावकडे डावीकडे वळायचं असेल तर तो आधी थोडा उजवीकडे सरकतो. चालक हे हौसेनं करत नाही. मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, ती कोपरा कापत आत येतात. गाडी जितकी लांब तितकी जास्त आत. वळसा मोठा घेतल्याशिवाय ती वळतच नाही. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला मात्र एवढंच दिसतं, की ट्रेलर उजवीकडे गेला आणि डावीकडे छान जागा झाली. तो आत शिरतो. मग केबिन डावीकडे वळतं, ट्रेलरचं पोट आत येतं आणि ती जागा मिटत जाते. या क्षणी चालकाने डाव्या आरशात पाहिलं तरी त्याला बराचसा स्वतःच्या ट्रेलरचा पत्राच दिसतो. दोघांपैकी कोणीही बेदरकार नसताना माणूस चाकाखाली जातो तो असा.

हे फळ्यावर चित्र काढून पटत नाही. जड वाहन शिकवणाऱ्या स्कूलकडे ट्रक असतोच. तो मैदानात उभा करावा. हँडब्रेक लावलेला, इंजिन बंद आणि चावी प्रशिक्षकाच्या खिशात. दुचाकीच्या उमेदवाराला चालकाच्या जागी बसवावं. दुसऱ्याने हेल्मेट घालून दुचाकीसह आधी पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्याशी, मग डाव्या दाराखाली, मग मागच्या फाळक्यामागे उभं राहावं आणि पावला-पावलाने दूर सरकावं. केबिनमधल्याला हेल्मेट जिथे पहिल्यांदा दिसेल तिथे फक्कीने खूण करावी. खुणा जोडल्या की त्या गाडीचा न दिसणारा पट्टा जमिनीवर पांढरा उमटतो. केबिनची उंची, आरशांची संख्या आणि त्यांचा कोन यांप्रमाणे तो बदलतो, म्हणून पुस्तकातलं माप घोकून घेण्यापेक्षा स्वतःच्या गाडीचं माप काढलेलं बरं. काचेवरचे गोंडे आणि स्टिकर उतरवून पुन्हा एकदा मोजावं. जड वाहनाच्या उमेदवारांसाठी तो स्वतंत्र धडा आहे. दुचाकीवाल्याने इथून एक खूणगाठ बांधून घरी जावं: ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही.

लंडनमध्ये पोलिसांनी ‘एक्स्चेंजिंग प्लेसेस’ या नावाने हेच केलं. सायकलस्वारांना उभ्या लॉरीत चालकाच्या जागी बसवायचं आणि शेजारी उभी केलेली सायकल शोधायला लावायची. तिथेही वाहतूक डावीकडून आणि चालक उजवीकडे, त्यामुळे तो धडा आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो. पुढे लंडनने गाडीकडेही लक्ष दिलं. केबिनमधून थेट किती दिसतं त्यानुसार १२ टनांहून जड लॉरीला शून्य ते पाच तारे मिळतात, आणि २०२१ पासून शहरात शिरायला त्यावर आधारलेला परवाना लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून किमान तीन तारे हवेत, नाहीतर कॅमेरे आणि सेन्सरची जादा साधनं बसवावी लागतात. आपल्याकडे असे नियम येतील तेव्हा येतील. उमेदवाराला केबिनमध्ये बसवायला अधिसूचना लागत नाही.

पूर्वी डावी बाजू क्लीनर सांभाळायचा. दारावर थाप मारून तो चालकाला सावध करायचा, दुचाकीवाल्याला ओरडून बाजूला काढायचा. आता कितीतरी गाड्यांवर चालक एकटा असतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीचं झालं आहे. चालकांना ही सोय फार आधीच मिळायला हवी होती. पण काचा बंद झाल्या की दुचाकीचा हॉर्न आत जेमतेम पोचतो, आणि खिडकीतून हात काढून ‘जा पुढे’ सांगण्याची पद्धतही मागे पडते.

त्या हाताची जागा उजव्या इंडिकेटरने घेतली आहे आणि हे घातक आहे. महामार्गावर तोच दिवा कधी ‘मी उजवीकडे वळतोय’ असं सांगतो, तर कधी ‘माझ्या उजवीकडून पुढे जा’. मागच्या दुचाकीस्वाराने कोणता अर्थ घ्यायचा? जड वाहनाच्या प्रत्येक तुकडीला बजावून सांगितलं पाहिजे, की इंडिकेटर स्वतःच्या वळण्यासाठीच आहे, दुसऱ्याला परवानगी देण्यासाठी नाही. आणि दुचाकीवाल्याला सांगितलं पाहिजे, की पुढच्या ट्रकचा उजवा दिवा लुकलुकत असेपर्यंत ओव्हरटेकचा विचारही करू नये.

जड वाहनाच्या उमेदवारालाही दुचाकी समजावून सांगावी लागेल. ट्रकची चाकं ज्या खड्ड्यावरून बिनदिक्कत जातात तो चुकवण्यासाठी दुचाकीला एकदम हँडल वळवावं लागतं. साइडपट्टीवरची खडी, पावसातला पांढरा पट्टा, गटाराचं झाकण यांवरून तिचं चाक घसरतं. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त पुढे जातो. पुढचा दुचाकीस्वार पडला तर चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपलेलं असतं. दुचाकीच्या मागच्या दिव्याला चिकटून हॉर्न मारणाऱ्या उमेदवाराला प्रशिक्षकाने तिथल्या तिथे थांबवून हा हिशेब करायला लावावा. चढावर दुचाकीला खेटून पुढे जाणाऱ्यालाही तसंच, कारण मोठ्या गाडीच्या वाऱ्याने हलकी दुचाकी आधी ढकलली जाते आणि मग आत ओढली जाते.

बंद पडलेल्या गाडीचा विषय अभ्यासक्रमात दोन ओळींत उरकला जातो, तो तसा उरकू नये. रात्री टायर फुटला की मागे दगड आणि झाडाची फांदी ठेवायची, आणि टायर बदलून झाला की दगड तिथेच सोडून निघायचं, हे अजून सर्रास चालतं. ट्रक गेल्यावर तो दगड दुचाकीच्या वाटेत पडून राहतो. परावर्तक त्रिकोण, चालू पार्किंग दिवे, फाळक्यावरचं पुसलेलं रेडियम आणि वाकलेला किंवा दुरुस्तीच्या वेळी काढून ठेवलेला साइड गार्ड, हे सगळं गाडीभोवती फेरी मारताना उमेदवाराकडूनच तपासून घ्यावं.

दुचाकीचे उमेदवार स्कूलमध्ये येतातच कुठे, असं अनेक स्कूलमालक म्हणतील. खरं आहे, बरेच जण घरच्याच गाडीवर शिकतात आणि कागदपत्रांपुरते येतात. पण शिकाऊ परवाना मिळाल्यावर पक्क्या परवान्याच्या चाचणीला किमान ३० दिवस थांबावं लागतं. कागदांसाठी आलेल्यालाही त्या महिन्यातली एक सकाळ देता येते, आणि खुणा आधीच मारून ठेवल्या तर माणशी दहा मिनिटं पुरतात. ज्या स्कूलकडे जड वाहन नाही त्यांनी जवळच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे रविवारी तासभरासाठी ट्रक मागावा. त्याचे चालकही सोबत बोलवावेत, म्हणजे इंडिकेटरचा आणि दगडाचा धडा त्याच तासात होऊन जाईल.