टाइल्स नंतर निवडा, आधी वायरिंगचा कागद करा



घरून केक, फराळ, टिफिन असा धंदा सुरू करणाऱ्यांचे मला सतत फोन येतात. "ताई, नवीन किचन करतेय, ओट्याला कोणता ग्रॅनाइट घेऊ?" असं विचारणारे भरपूर. "ओव्हनसाठी कोणती वायर टाकू?" असं विचारणारं क्वचितच कुणी भेटतं. माझं मत स्पष्ट आहे: धंद्याच्या किचनमध्ये पहिला पैसा वायरिंगवर जायला हवा. आणि कुठे काय लागणार, हे वायरमनवर न सोडता मालकाने स्वतः ठरवायला हवं.

बीबीएला आम्हाला भांडवलाचे सगळे प्रकार शिकवले. भिंतीच्या आत गाडलेली वायर हेसुद्धा भांडवलच, हे मात्र मी हात पोळून शिकले. माझ्या बेकरी सामानाच्या दुकानामागे क्लाससाठी किचन केलं, तेव्हा टाइल्स आणि ट्रॉल्यांमध्येच बजेट संपलं. वायरिंग जुनंच ठेवलं. ओव्हन, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, सगळं एकाच लाईनवर. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या आणि एमसीबी सारखा पडायला लागला. मी वायरमनला म्हटलं, "दादा, काहीतरी करा, माझं काम थांबतंय." त्याने 16 अँपिअरचा एमसीबी काढून 32 चा बसवला. एमसीबी पडायचा थांबला, मी खूश! चौथ्या दिवशी जळका वास आला. बोर्ड काळा पडलेला, आतल्या वायरचं आवरण वितळलेलं. आग लागली नाही हे नशीब. ऑर्डरींचे पैसे परत द्यावे लागले, आणि नव्याकोऱ्या टाइल्स फोडून भिंतीला झिऱ्या माराव्या लागल्या.

वायरमन चुकला, पण मागणी माझी होती. एमसीबी आपल्याला छळायला पडत नाही, वायर वाचवायला पडतो. बारीक वायर तशीच ठेवून मोठा एमसीबी लावणं म्हणजे ओरडणाऱ्या राखणदारालाच घरी पाठवणं.

आता हिशेब बघा, सोपा आहे. वॅटला 230 ने भागा, अँपिअर मिळतात. 2000 वॅटचा ओव्हन म्हणजे साधारण 8.7 अँपिअर. 2000 वॅटचं इंडक्शन, आणखी 8.7. मायक्रोवेव्हवर 800 वॅट लिहिलेलं असलं तरी तो आकडा अन्न तापवण्याचा असतो. वीज तो 1200 वॅटच्या आसपास खेचतो, म्हणजे 5.2. बेरीज झाली 22.6. हे 16 च्या एका लाईनवर बसेल का? तुम्हीच सांगा.

म्हणून माझे नियम असे:

1. प्रत्येक जड उपकरणाला डीबीपासून स्वतंत्र लाईन, स्वतंत्र एमसीबी आणि 16 अँपिअरचा सॉकेट. वायर तांब्याची, आयएसआय मार्कची, 2.5 चौरस मिमीच्या खाली नाही. तासन्‌तास चालणाऱ्या ओव्हनला मी 4 ची टाकते.

2. फ्रिजची लाईन वेगळी. ओव्हनमुळे रात्री एमसीबी पडला आणि फ्रिजही बंद झाला, तर सकाळी क्रीम, पनीर, सगळं फेकायचं. हा तोटा थेट तुमच्या खिशातून जातो.

3. अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवा. एमसीबी वायरला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. ओल्या हाताने काम करणाऱ्या तुमच्या मावशींसाठी ही बचतीची जागा नाही.

4. सॉकेट सिंक आणि गॅसपासून लांब. ओव्हनचा स्विच ओव्हनच्या मागे नको, बाजूला, पटकन हात पोहोचेल असा.

5. पुढच्या मशीनसाठी एक-दोन रिकामे पाइप आत्ताच टाकून ठेवा. प्लास्टरच्या आधी भिंतींचे फोटो काढा, म्हणजे नंतर ड्रिल मारताना वायर सापडायची नाही.

"ताई, जागा भाड्याची आहे, तिथे एवढा खर्च कशाला?" बरोबर आहे. तिथे भिंत फोडूच नका. पट्टीतून वरून वायरिंग करा, जागा सोडताना काढून नेता येतं. दिसायला थोडं कमी, पण सुरक्षेत कमी नाही. "आधी धंदा चालू दे, मग बघू," हे मात्र मला पटत नाही. धंदा चालायला लागला की लोड वाढतो, म्हणजे वायरिंगची परीक्षा नेमकी ऑर्डरींच्या गर्दीत होते. तेव्हा फोडाफोडी परवडते का?

काम लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या आणि टेस्ट रिपोर्ट मागा. मीटरचा मंजूर लोड पुरतो का, घरगुती कनेक्शनवर तुमचा धंदा चालतो का, हे वीज कार्यालयात आधीच विचारा.

आज एवढंच करा. एक कागद घ्या. आत्ताची आणि येत्या दोन वर्षांत घ्यायची सगळी मशीनं लिहा. प्रत्येकीच्या मागच्या पट्टीवरचे वॅट लिहा आणि कोणती एकाच वेळी चालणार त्यावर खूण करा. तो कागद वायरमनच्या हातात द्या, आणि मगच टाइल्सच्या दुकानात जा. ग्राहकाला तुमच्या टाइल्स दिसत नाहीत हो, त्याला वेळेवर आलेला केक दिसतो.