अडकलेले इंजेक्टर

गेल्या पावसाळ्यात बदलापूरच्या आमच्या भाच्याचा डिझेल टेम्पो अंबरनाथ एमआयडीसीजवळ बंद पडला. शोरूमच्या वर्कशॉपने सांगितले, "इंजेक्टर जाम झालेत, निघत नाहीत. अख्खे हेड बदला. साठ हजार." बँकेचा हप्ता तोंडावर आलेला. घरात सगळ्यांची तोंडे उतरली.

आम्ही म्हटले, सही करू नकोस. टेम्पो टोचन करून उल्हासनगरच्या जुन्या फिटरकडे नेला. इंजेक्टरच्या बुडाचा तांब्याचा वॉशर नीट बसला नाही, की जळका वायू वर येतो आणि काजळी दगडासारखी धरते. फिटरने गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरवले, सकाळी पुलर लावून इंजेक्टर एकेक करून सरळ ओढले. हेड शाबूत राहिले.

वाचकहो, कामाआधी खर्चाचा लेखी अंदाज घ्या. काढलेले जुने पार्ट परत मागा. फसवणूक झालीच तर १९१५ वर फोन करा, किंवा दोन वर्षांच्या आत ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार द्या. पोटासाठी स्वतः टेम्पो चालवणाराही २०१९ च्या कायद्याने ग्राहकच आहे.

अंगठा उठवायचे दिवस गेले. कागद वाचा, मगच सही करा.